डब्यावरचं बाळ

बिस्किटाच्या पुड्यावर लहान मूल असतं. साबणावर, मालिशच्या तेलावर, डायपरच्या पाकिटावर तर असतंच असतं. एके काळी मर्फी रेडिओ खपवायलाही ओठाशी बोट धरलेलं एक गोबरं बाळ पुरत होतं आणि त्याची कॅलेंडरं घराघरांत लागत होती. आता मेडिकलच्या दुकानात काउंटरमागच्या फळीवरचा तान्ह्या बाळाच्या दुधाचा डबा मागून घ्या. ज्याच्यासाठी तो आहे ते बाळ त्यावर कुठेच नाही. बाळाची आईही नाही. तिथे ठळक अक्षरांत एक सूचना मात्र आहे: तुमच्या बाळासाठी आईचं दूधच सर्वोत्तम. स्वतःच्याच विरोधात साक्ष देत विकला जाणारा असा माल बाजारात विरळाच.

डब्यावर एके काळी बाळ होतं. चांगलं हसरं, मांड्यांना वळ्या पडलेलं होतं. ते तिथे कसं आलं आणि तिथून कोणी हुसकावलं, ही गोष्ट स्वित्झर्लंडपासून वर्ध्यापर्यंत पसरलेली आहे.

डबा येण्याआधी सगळं आलबेल होतं असं मात्र कोणी समजू नये. आईला दूध नसणं, आई आजारी असणं, बाळंतपणात आई जाणं हे सगळं होतंच. १६५७ मध्ये संभाजीराजे जन्मले तेव्हा सईबाईंची प्रकृती ढासळलेली होती. कापूरहोळच्या धाराऊंनी त्यांना पाजलं. राजघराण्याला दूधआई मिळाली. बाकीच्यांना शेजारीण, जाऊ, नाहीतर गाई-शेळीचं पाणी घातलेलं दूध आणि बोंडलं. शिवाय आपले समज होतेच. पहिल्या दोन-तीन दिवसांचं पिवळसर घट्ट दूध पिळून टाकायचं आणि बाळाला मध चाटवायचा, ही रीत कित्येक घरांत आजीच्या आजीपासून चालत आली. गाईचा चीक आणून खरवस करणारे आणि तो शेजारी वाटणारेही आपणच. त्या चिकाचं मोल वासरासाठी कळत होतं, स्वतःच्या बाळासाठी कळलं नाही.

वरच्या दुधाला शास्त्राचा शिक्का मारला तो युरोपातल्या रसायनशास्त्राने. युस्टुस फॉन लीबिग हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ शेतीच्या खतांसाठी प्रसिद्ध. आईच्या दुधातले घटक मोजायचे आणि तेच गव्हाचं पीठ, माल्ट, गाईचं दूध आणि थोडा क्षार मिसळून उभे करायचे, असा त्याचा हिशेब. १८६० च्या दशकात त्याचं बालान्न बाजारात आलं. पॅरिसमधल्या एका प्रसूतितज्ज्ञाने ते चार नवजात बाळांना देऊन पाहिलं. चारही दगावली. त्याने १८६७ मध्ये हे फ्रान्सच्या वैद्यक अकादमीपुढे मांडलं, पण धंदा थांबला नाही. त्याच वर्षी वेव्हे गावात आन्री नेस्ले या औषधविक्रेत्याने दूध आणि भाजलेल्या पावाच्या पिठाची पूड काढली. दिवस भरण्याआधी जन्मलेलं आणि आईचं दूध न घेणारं एक बाळ या पुडीवर जगलं, ही तिची पहिली जाहिरात. पुढच्या वर्षी नेस्लेने आपल्या घराण्याचं चिन्ह मालावर आणलं: घरट्यात तीन पिल्लं आणि त्यांना भरवणारी पक्षीण. बालान्नाच्या डब्यांवरचं हे सर्वात टिकाऊ चित्र. १९८८ मध्ये पिल्लं तिनाची दोन झाली, पण पक्षीण आजही कंपनीच्या नावाशी आहे. मायलेकरांचं नातं दाखवून त्या नात्यातली एक गोष्ट विकायची, ही युक्ती इतकी जुनी आहे.

खरं माणसाचं बाळ डब्याशी जोडलं ते ग्लॅक्सोने. न्यूझीलंडमधल्या जोसेफ नेथन यांच्या व्यापारी पेढीकडे लोणी काढल्यावर उरणारं दूध मुबलक होतं. ते वाळवून पूड करायचं यंत्र आलं, १९०६ मध्ये ‘ग्लॅक्सो’ हे नाव नोंदलं गेलं, आणि १९०८ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांत ग्लॅक्सो धष्टपुष्ट बाळं घडवतो अशा अर्थाची जाहिरात झळकली. सोबत मातांसाठी फुकट पुस्तिका. त्यात बाळाची अंघोळ, झोप, वजन यांची माहिती होती आणि मधूनमधून ग्लॅक्सो. धंद्याने आईची शिक्षिका व्हायचं ठरवलं ते इथे.

मुंबईत हे बाळ उतरलं १९२४ मध्ये. ग्लॅक्सो बेबीफूडचं वितरण करण्यासाठी एच. जे. फॉस्टर अँड कंपनी नावाने जी संस्था नोंदली गेली, तीच पुढे औषधं बनवणारी ग्लॅक्सो झाली. त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने देशात ‘बेबी वीक’ साजरे होऊ लागले. प्रदर्शनं, व्याख्यानं आणि बाळांच्या स्पर्धा. आपल्याकडच्या सुदृढ बालक स्पर्धा याच वळणाच्या. वजनकाट्यावर जे बाळ जड ते सुदृढ. ठणठणीत पण किडकिडीत मूल अशा स्पर्धेत कधी पहिलं आल्याचं ऐकिवात नाही. गुबगुबीत मुलाला ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणायची पद्धत पडली आणि ती इतकी मुरली की ज्यांच्या घरात तो डबा कधी आला नाही तेही कौतुकाने तेच म्हणत.

हा डबा सुरुवातीला कोणाच्या घरात जात होता? साहेबाच्या, पारशी शेटजीच्या, गिरगावातल्या एखाद्या वकिलाच्या. तिथून दोन-चार मैलांवर गिरणगावात पहाटेच्या भोंग्याला गिरणीत हजर होणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या तान्ह्या बाळांचं काय होत होतं, हे मुंबई सरकारच्या कामगार खात्यासाठी डॉ. बार्न्स या बाईंनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलं. जवळपास सगळ्या, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जात होती. बाळागोळी नावाने ती सहज मिळे. आई पाळीवरून परत येईपर्यंत बाळ झोपून राहावं, एवढाच तिचा उपयोग. गोळी देणाऱ्या आईला दोष देणं सोपं होतं आणि तो दिलाही गेला. पण आई घरात नसताना बाळाने करायचं काय, हा प्रश्न गिरगावात आणि गिरणगावात एकच होता. एका वस्तीला त्याचं उत्तर डब्यात मिळालं, दुसरीला गोळीत. आईला घरी राहू देणं हे तिसरं उत्तर कोणाच्याच खिशाला परवडत नव्हतं.

ते तिसरं उत्तर मुंबई कायदेमंडळात एकदा बोललं गेलं. गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाचा भत्ता द्यावा असं विधेयक १९२८ मध्ये आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळण्यात राष्ट्राचं हित आहे, म्हणून हा बोजा सरकारनेही उचलावा आणि तिच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही, असं त्यांचं म्हणणं. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा त्यातूनच झाला. देशातला तो पहिला. पुढच्या दशकांत गिरण्यांमधलं बायकांचं प्रमाणही घटत गेलं, हे लिहून ठेवायला हवं. ज्यांना भत्ता द्यावा लागतो त्यांना कामावरच कशाला ठेवा, हा हिशेब मालकांना कोणी शिकवावा लागला नाही.

स्वातंत्र्यानंतर डब्यावरचं बाळ स्वदेशी झालं. परकीय चलनाची चणचण होती, विलायती डबे आणायला पैसा नव्हता. आणंदच्या सहकारी दूध संघाने १९५५ मध्ये म्हशीच्या दुधाची पूड करून दाखवली. हे होणारच नाही असं परदेशी जाणकार सांगत होते. हरिचंद दलाया या अभियंत्याने ते केलं. मग म्हैसूरच्या अन्नतंत्र संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालान्न बनवायची कृती दिली आणि अमूलचा डबा बाजारात आला. आता तो डबा घेणं म्हणजे खेड्यातल्या शेतकऱ्याला हात देणं होतं. साठ-सत्तरच्या दशकांत बेबीफूडची अशी टंचाई असे की नातू व्हायच्या आधीपासून आजोबा ओळखीच्या दुकानदाराकडे डब्याचा वशिला लावत. जी वस्तू सहज मिळत नाही ती चांगलीच असणार, हे आपल्याला पटायला वेळ लागत नाही. नोकरी करणाऱ्या सुशिक्षित बाईचं लक्षण म्हणून डबा खाली झिरपला: आधी शहरातल्या मध्यमवर्गात, मग तालुक्याच्या गावी. रिकाम्या डब्यांत स्वयंपाकघरातला रवा आणि साबुदाणा राहू लागला आणि ते हसरं बाळ वर्षानुवर्षं मांडणीवरून घराकडे बघत राहिलं. कुठल्याही जाहिरातीला इतकी मोक्याची जागा फुकट मिळालेली नाही.

यात नुकसान नेमकं कुठे होतं, ते समजायला दुधाची रीत पाहायला हवी. आईचं दूध साठवून ठेवलेलं नसतं. बाळ जितकं ओढतं तितकं ते बनतं. पहिल्या आठवड्यात ‘पुरत नाही वाटतं’ म्हणून एक बाटली दिली की बाळ तेवढं कमी ओढतं, आईला तेवढा पान्हा कमी येतो, आणि पंधरवड्यात खरोखरच पुरेनासं होतं. शंका स्वतःच स्वतःला खरं ठरवते. म्हणून प्रसूतिगृहात फुकट दिलेला एक डबा कंपनीला महागात पडत नाही. पुढचे डबे विकत घ्यावेच लागतात. ज्या घरात पैसे कमी तिथे डबा पुरवून वापरला जातो, चार चमच्यांच्या जागी दोन. पाणी विहिरीचं, बाटली नीट उकळलेली नाही. मग हगवण लागते. आणि डब्यावरचं बाळ हसतच असतं.

हे मोठ्याने पहिल्यांदा बोलणाऱ्यांत एक डॉक्टर बाई होत्या. सिसिली विल्यम्स. जमैकात जन्मलेल्या, आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये काम करताना मुलांच्या क्वाशिओरकर या कुपोषणाच्या आजाराची वैद्यकाला ओळख करून देणाऱ्या. १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबपुढे त्यांनी भाषण केलं. त्याच्या मथळ्यात दूध आणि खून हे दोन शब्द शेजारी शेजारी होते. नर्सचे कपडे घातलेल्या विक्रेत्या बायका चाळींत फिरून साखरेचं आटीव दूध बाळंतिणींना विकत होत्या आणि त्यावर वाढलेली मुलं मरत होती. हा प्रकार खुनाच्या जोडीला बसवला पाहिजे, असं त्या रोटरीच्या सदस्यांना, म्हणजे व्यापाऱ्यांनाच, सुनावून मोकळ्या झाल्या. जग तेव्हा महायुद्धात शिरत होतं.

त्यानंतर ठिणगी पडायला पस्तीस वर्षं लागली. १९७४ मध्ये ब्रिटनच्या ‘वॉर ऑन वाँट’ या संस्थेने माइक मुलर या पत्रकाराची एक पुस्तिका काढली, तिसऱ्या जगात बालान्न कसं विकलं जातं यावर. बर्नमधल्या काही स्विस कार्यकर्त्यांनी ती जर्मनमध्ये आणताना मथळ्यात नेस्लेचंच नाव घातलं. कंपनी कोर्टात गेली. १९७६ मध्ये निकाल लागला: कार्यकर्त्यांना प्रत्येकी ३०० फ्रँक दंड. पण न्यायाधीशांनी कंपनीलाही आपल्या जाहिरातीच्या पद्धतींचा फेरविचार करायला सांगितलं. खटला जिंकून अब्रू घालवण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल. पुढच्या वर्षी ४ जुलैला अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमधून नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला आणि तो चर्च, विद्यापीठं, गृहिणींच्या गटांतून पसरला.

मे १९८१ मध्ये जिनिव्हाला जागतिक आरोग्य सभा भरली. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्या विक्रीची आचारसंहिता तिथे मताला पडली. बाजूने ११८, विरोधात १, तटस्थ ३. विरोधातलं ते एक मत अमेरिकेचं. त्यावरून अमेरिकी मदतखात्यातल्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. या संहितेच्या नवव्या कलमात डब्यावरच्या बाळाचा विषय होता: लेबलवर बाळाचं चित्र नको, बाटलीच्या दुधाचा मोठेपणा सांगणारं काही नको. इतक्या मोठ्या आंतरराष्ट्रीय झगड्यात एका चित्राचा असा वेगळा उल्लेख झाला, कारण मुद्दा नेमका तोच होता. वाचता न येणाऱ्या आईला त्या डब्यावरचं फक्त चित्रच वाचता येत होतं.

भारताने डिसेंबर १९८३ मध्ये स्वतःची संहिता केली. पण संहितेला दात नसतात. कायदा व्हायला आणखी नऊ वर्षं गेली आणि या नऊ वर्षांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईत बालरोगतज्ज्ञ डॉ. आर. के. आनंद यांनी ‘ॲकॅश’ ही ग्राहक-आरोग्य संस्था उभी केली. डॉक्टरांच्या परिषदांची जेवणं, बॅगा, विमानाची तिकिटं कोणाच्या पैशाने येतात, असे गैरसोयीचे प्रश्न स्वतःच्याच बिरादरीला विचारणं सोपं नव्हतं. शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी नवजात विभागात आईच्या दुधाचा आग्रह धरला आणि २७ नोव्हेंबर १९८९ ला तिथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. धाराऊंचं काम आता ६२.५ अंश तापमान आणि शीतपेटी यांच्या मदतीने होऊ लागलं. मग ३ डिसेंबर १९९१ ला वर्ध्यात देशभरचे डॉक्टर आणि कार्यकर्ते जमले आणि ‘बीपीएनआय’ हे स्तनपानाचा प्रसार करणारं जाळं तिथे जन्मलं.

डिसेंबर १९९२. वर्तमानपत्रांची पानं अयोध्या आणि मुंबईच्या दंगलींनी भरलेली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला राष्ट्रपतींची सही होऊन बालान्न, दुधाच्या बाटल्या आणि पर्यायी दूध यांच्या विक्रीवर बंधनं घालणारा कायदा पक्का झाला. कोणाच्या फारसं लक्षात आलं नसावं. तो अमलात आला १ ऑगस्ट १९९३ ला. ऑगस्टचा पहिला आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळतात, तो मुहूर्त साधून. जनतेला जाहिरात बंद, प्रसूतिगृहात फुकट नमुने बंद, विक्रेत्याला खपावर कमिशन बंद. डब्यावर बाळ किंवा बाईचं चित्र छापलं तर किमान सहा महिने कैद. सूचनेची अक्षरं ५ मिलिमीटरपेक्षा लहान नकोत, हेसुद्धा नियमांत आहे. व्यापाऱ्याची लबाडी अक्षरांच्या उंचीत लपते हे ज्याला माहीत असतं, तोच असा नियम लिहितो.

या कायद्याची मला सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याने तक्रारीचा अधिकार फक्त सरकारी निरीक्षकाकडे ठेवला नाही. काही स्वयंसेवी संस्थांना थेट कोर्टात जाता येतं. ॲकॅश त्यांतली एक. १९९४ मध्ये तिने लेबलांवरून नेस्लेविरुद्ध दिल्लीत तक्रार नेली, तेव्हा कंपनीने कायद्याच्या वैधतेलाच उच्च न्यायालयात आव्हान दिलं. प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. पण डब्यावरचं बाळ परत आलं नाही. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या सगळ्याच अन्नाची जाहिरात बंद झाली.

बाळ डब्यावरून उतरलं आणि फोनमध्ये शिरलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने समाजमाध्यमांवरच्या सुमारे चाळीस लाख नोंदी तपासून अहवाल काढला. कंपन्या आता मातांच्या गटांत, प्रसिद्ध आयांच्या तोंडून, रात्री दोन वाजता उत्तर देणाऱ्या ‘तज्ज्ञां’करवी बोलतात. १९०८ ची ती फुकट पुस्तिकाच ही, फक्त आता ती आईचा प्रश्न तिच्या आधी ओळखते.

मात्र सगळा दोष डब्याच्या माथी मारला की आपण सुटतो, म्हणून ते करायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे पाहा. ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. जन्मल्यापासून तासाभरात आईचं दूध मिळालं ते ४१.८ टक्के बाळांना. घरातली मध चाटवणारी आजी बाजूला झाली, डॉक्टर-परिचारिका आल्या, आणि पहिला तास तरी हुकतोच. सिझेरियननंतर आईच्या कुशीत बाळ लावून द्यायला माणूस लागतं. त्या माणसाची जागा भरलेली नसते. सहा महिने निव्वळ अंगावर पाजल्या जाणाऱ्या बाळांचं प्रमाण मात्र ६३.७ टक्क्यांवर आलं आहे. पंधरा वर्षांपूर्वी ते ४६ च्या आसपास होतं. कायदा, आशाताई आणि सप्ताहांची ती फलकबाजी यांचं काहीतरी चीज झालं म्हणायचं.

एसटी स्थानकांत, सरकारी कचेऱ्यांत आता हिरकणी कक्ष आहेत. काही ठिकाणी स्वच्छ, पंख्यासह. काही ठिकाणी कुलूप लावलेले आणि किल्ली नेमकी रजेवर गेलेल्याकडे. नाव रायगडच्या गवळणीचं. कोजागरीच्या दिवशी दूध घालायला गडावर गेलेली, दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेली. महाराजांनी तिचा सन्मान केला, असं लोककथा सांगते, आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधून ती वाट बंद केली. आपण शाळेपासून तिच्या धैर्याचे धडे वाचतो. लेकुरवाळ्या बाईसाठी दिंडी दरवाजा उघडण्याची काही सोय पुढे झाली का, हे त्या कथेत कोणी विचारत नाही.

दरवाजा थोडा उघडला तो २०१७ मध्ये. पगारी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा जास्त माणसं कामावर असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता आलं पाहिजे, असं कायदा सांगतो. ज्या बाईकडे नेमणूकपत्र आहे तिच्यासाठी हे मोठंच. दिवाळीच्या आगेमागे बीड-धाराशिवकडून ऊसतोडीला निघणाऱ्या बाईकडे नेमणूकपत्र नसतं. तिची गणती नवऱ्यासकट एक कोयता अशी होते, उचल दोघांच्या मिळून घेतलेली असते, आणि न आलेल्या दिवसाचा खाडा उचलीतून कापला जातो. बाळ फडाच्या बांधावर झोळीत. एका कारखान्याच्या हंगामात असे कोयते पन्नास नव्हे, हजारांनी असतात. ऊसतोड कामगारांसाठी राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळही केलं आहे. फडाशेजारी पाळणाघर कोणी चालवायचं, असं विचारलं की कारखाना म्हणतो, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो, ऊस कारखान्याचा.